साडेचार तास, पण कोणाच्या घरापासून?

आमच्या पांढरकवड्यात संगणकाशी तोंडातोंडी भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो रोज सकाळी दहाला नेमका माझ्याच दुकानात येतो. तुळशीरामजी भगत, वय अडुसष्ट, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. गाव त्यांना भगत कंट्रोलर म्हणतं. बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स, तिकिटं, सगळं होतं. माझं शटर वर गेलं की कंट्रोलर आत. खुर्ची ओढायची, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, "रेखाबाई, लावा बरं हैदराबाद ते सिंगापूर."

मी लावते. न लावून सांगते कोणाला! पडद्यावर रोजचंच येतं. अंतर सुमारे तीन हजार तीनशे किलोमीटर, विमानाला लागणारा वेळ सुमारे साडेचार तास. मग कंट्रोलर खुर्चीतून अर्धे उठतात.

"पाहा, पाहा! आजही तेच लिहून ठेवलं लेकाच्यानं. साडेचार तास! पण कोणाच्या घरापासून? इमानाच्या शिडीखाली कोणी घर बांधून राह्यते काय? नोंद घ्या रेखाबाई, हा माणूस खोटं बोलून राह्यला."

"काकाजी, तो माणूस नाही. मशीन आहे."

"मशीनमधी लिहिणारा त माणूसच असंल नं? त्याले आपल्या स्टँडवर आणून उभा करा. मी पाहतो साडेचार तासात कुठी पोचते तो. फार त वाटेतल्या निर्मल गावापर्यंत जाईन."

आता माझं तोंड फटकळ आहे, हे मीच आधी सांगून टाकते. दुकानात गिऱ्हाइकांची रांग, सर्व्हर बंद पडलेला, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला, आणि हे गृहस्थ माझ्या पडद्यावर बोट आपटून आपटून खोट्याचा निषेध करतायत. किती वेळा म्हटलं असेल, "काकाजी, पडद्याला हात लावू नका." ते हात काढतात, पण निषेध काढत नाहीत.

एकदा मारेगावचा एक माणूस पीकविम्याचा फॉर्म भरायला आला होता. कंट्रोलरनी त्यालाच धरलं. "मारेगावाहून किती वेळ लागला?" तो म्हणाला, "सव्वा तास." झालं! "घरून कवा निघाले?" "सातले." "आता किती वाजले?" "साडेधा." "मंग सव्वा तास कसा? साडेतीन तास झाले नं! गाडीची वाट पाहिली तो वेळ तुमच्या बापाचा होता काय? तो कोणी मोजावं?" त्या बिचाऱ्यानं उभ्या आयुष्यात हा हिशेब केला नव्हता. त्याला एकदम आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटायला लागलं. दोघं तावातावानं बोलत चहाला गेले, आणि फॉर्म राहिला माझ्या टेबलावर. संध्याकाळी त्याचा फोन, "ताई, फॉर्मचं राहूनच गेलं." आता यात माझी काय चूक, सांगा!

पण खोटं कशाला बोलू, माणूस कामाचा पक्का. बत्तीस वर्षं स्टँडच्या त्या जाळीच्या खिडकीत बसले. गाडी सुटायला सहा मिनिटं असली तर भोंग्यावर पाच म्हणाले नाहीत. नागपूरच्या, यवतमाळच्या, हैदराबादकडच्या गाड्या त्यांनी सोडल्या, पण स्वतः मात्र अदिलाबादच्या पुढं कधी गेले नाहीत. रजा घेतली तरी सकाळी एक चक्कर स्टँडवर मारून गाड्या सुटल्या का ते बघायचे. बायको, कमलबाई, म्हणायची, "यायची बायको होण्यापेक्षा फलाट झाली असती त दिवसातून दोनदा यायच्या नजरेस त पडली असती." मोठी गमतीची बाई होती ती.

त्या आकड्यावर कंट्रोलरचा राग का, हे गावात पुष्कळांना माहीत आहे, पण कोणी त्यांच्यासमोर बोलत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा सिंगापूरला नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी कमलबाई सकाळी उठल्या, चूल पेटवली आणि तिथंच बसल्या जागी गेल्या. प्रज्ञाला फोन केला. ती रडत म्हणाली, "बाबा, साडेचार तासाचं इमान हाये. मी निघाली." कंट्रोलरनी विहारातल्या मंडळींना सांगितलं, पोरगी येऊन राह्यली, साडेचार तास, धरा सहा, धरा सात, थांबा. मंडळी थांबली. दुपार झाली, तरी थांबली. प्रज्ञाला त्या दिवशी तिकीटच मिळालं नाही, हे तिनं कळवलं तेव्हा दिवस कलायला लागला होता. नातेवाइकांनी घाई केली, आणि ते तरी काय करणार? पोरगी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पोचली. तेव्हा घरात आई नव्हती, फक्त तिची साडी दोरीवर वाळत होती. बत्तीस वर्षं ज्यानं लोकांना कधी चुकीची वेळ सांगितली नाही, त्यानं स्वतःच्या बायकोच्या दारात जमलेल्या माणसांना चुकीची वेळ सांगितली. तेव्हापासून त्या साडेचार तासांशी त्यांचं वैर आहे.

आणि आता पुन्हा तोच रस्ता समोर आला. प्रज्ञाला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही सांगायला लागत नाही. ती येणारच होती, पण सातव्यात रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली. सासूचे दोन्ही गुडघे गेलेले. मग पोरगी माहेरी येऊ शकत नाही, म्हणजे माहेरानं पोरीकडे जायचं. आता माहेर म्हणजे कोण? कमलबाई तर नाहीत. माहेर म्हणजे हे एकटे कंट्रोलर.

प्रज्ञानं तिकीट काढून माझ्याकडे पाठवलं. पासपोर्ट झाला, व्हिसा आला, सगळं माझ्याच दुकानातून. खाली मला निरोप, "रेखाताई, बाबांना कसंही करून गाडीत बसवून द्या." मी तिकिटाचा छान रंगीत प्रिंट काढला आणि काकाजींच्या हातात दिला. म्हटलं, आता तरी हा माणूस खूश होईल. तिकीट त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं करून पाहिलं.

"यात पांढरकवडा कुठी हाये?"

"विमान पांढरकवड्याहून नाही सुटत, काकाजी!"

"मंग मी काय हैदराबादले आकाशातून पडणार हाओ? पहिले अंतर नक्की करा. मंग जायचं पाहू."

आणि बसले आखायला. त्यांचा मार्गच वेगळा सुरू होतो. घरून स्टँड, चालत अकरा मिनिटं. गाडीची वाट, एक तास. हैदराबाद, आठ तास. तिथून विमानतळ, शहरातली गर्दी धरून दोन तास. तिथं तीन तास आधी जाऊन बसायचं. "काहून बसायचं? इमान काय नवरदेव हाये, त्याच्यासाठी तीन तास मांडवात बसावं?" मग ते साडेचार तास. मग उतरून रांगा. मग पोरीचं घर. शेवटी कागदावर रेघ ओढून माझ्यापुढं ठेवला, "बावीस तास. नोंद घ्या. साडेचाराचे बावीस झाले. याले मी स्टँड टू स्टँड म्हणतो." मी म्हटलं, "बावीस तर बावीस, जा ना एकदाचे!" तर म्हणे, "परतीचं पाहू द्या."

परतीचं पाहिलं, आणि त्या दिवशी माझ्या दुकानात जे झालं ते झालं. जाताना विमान रात्री अकराला सुटून सकाळी सहाला पोचतं. येताना रात्री आठला सुटून दहाला. कंट्रोलरनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग फूलस्केप मागून घेतला आणि टाचणी टोचल्यासारख्या बारीक अक्षरात विमान कंपनीला अर्ज लिहिला. विषय: जाताना लागणाऱ्या जादा पाच तासांचा खुलासा मिळणेबाबत. "महोदय, आपल्या गाडीस एकाच मार्गावर जाताना सात तास व येताना दोन तास लागत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी जाताना चालक पाच तास कोठे थांबतो, याची चौकशी व्हावी." खाली सही, आणि सहीखाली "सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक".

"हे पाठवा," म्हणे. दुकानात सहा माणसं. एकालाही हसू आलं नाही. उलट एक जण म्हणाला, "बराबर हाये. ढाब्यावर थांबत असंल."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांना समोर बसवून समजावलं, तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं आहे. जाताना अडीच वाढतात, येताना अडीच कमी होतात. विमान दोन्ही वेळेला साडेचारच तास उडतं. कंट्रोलरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे मी इथून नऊले फोन लावतो, तवा तिचे साडेअकरा वाजते?"

"हो."

"रात्रीचे?"

"मग काय सकाळचे?"

झालं, उसळले! "अन् ती सांगत नाई? इतके वर्षं झाले, पोट्टी झोपेतून उठून फोन उचलून राह्यली, अन् एक शब्द नाई बोलली! मी इकडून तिले नागपूर गाडीचा नवा टाइम सांगून राह्यलो, अन् ती तिकडं हाव बाबा, हाव बाबा करून राह्यली! असं असते काय? बापाले सांगता येत नाई?" अर्ज टराटरा फाडला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून फोन संध्याकाळी पाचला लागायला लागला. पण दहाला दुकानात येणं आणि अंतर लावायला सांगणं काही सुटलं नाही.

दिवस जात होते. प्रज्ञाचा आठवा सरत आला. बुधवारचं विमान. आणि आदल्या शनिवारी कंट्रोलर आले, खुर्ची ओढली नाही, चष्मा पुसला नाही. तिकिटाचा तो रंगीत कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे रद्द करून टाका."

माझ्या डोक्याची शीरच उठली. खरं सांगते, मी गिऱ्हाइकांसमोर बोलायला नको ते बोलले. म्हटलं, "लाज वाटते का? पोरगी तिकडं एकटी, आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, आणि तुम्ही इथं किलोमीटर मोजत बसलाय! बावीस तास लागतात तर लागू द्या. बावीस दिवस लागले तरी जायला पाहिजे बापानं! कमलबाई असत्या तर पायी निघाल्या असत्या. तुमचं मेलं प्रेम आहे ते त्या फलाटावर, पोरीवर नाही!" एवढं बोलून मी धापा टाकत बसले. नेहमी एका शब्दाला दहा शब्द देणारा माणूस, मान खाली घातली आणि रस्ता ओलांडून गेला.

ते उलट बोलले असते तर माझा राग उतरला असता. बोलले नाहीत म्हणून तो दिवसभर वाढतच गेला. पाच वाजता मी शटर अर्धं ओढलं, तिकीट पर्समध्ये टाकलं आणि तडक त्यांच्या घरी गेले. ठरवलंच होतं, आज या माणसाला सोडायचं नाही.

दार उघडं होतं. आतल्या अंगणातून एका बाईचा ओरडा ऐकू आला, "मान धर! मान! मेलं असतं नं ते!"

मी घाबरून आत धावले. तर समोर काय! कंट्रोलर बनियनवर जमिनीवर बसलेले, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, दोन्ही पाय लांब पसरलेले. त्या नडग्यांवर ओल्या कापसानं भरलेली एक उशीची खोळ पालथी घातलेली, तिला दोऱ्यानं बांधून डोकं आणि मान काढलेली. बाजूला घमेल्यात कोमट पाणी, वाटीत तेल. आणि समोर पाटावर भीमाबाई बसलेली. भीमाबाई जवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, म्हातारी. जन्मभर सुईणपण केलं तिनं, आमच्या भागातली अर्धी माणसं तिच्या हातून आंघोळ करून मोठी झाली. कंट्रोलर त्या उशीला उताणी करायला गेले, तर ती सटकन घसरून घमेल्यात पडली.

"गेलं!" भीमाबाई म्हणाली. "महिना झाला बाई, रोज येऊन राह्यली मी. रोज एक लेकरू बुडवते हा बुढा."

कंट्रोलरनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग माझ्या हातातलं तिकीट दिसलं. "रद्द नाई केलं? मी सांगतलं होतं नं?"

"नाही केलं. आधी हे काय चाललंय ते सांगा."

ते ती उशी घमेल्यातून काढून पिळत बसले. पिळता पिळताच बोलले. "प्रज्ञा झाली तवा मी ड्युटीवर होतो. तीन महिने तिले हात नाई लावला म्या. भेव वाटे, हातातून पडंल म्हणून. कमल म्हणे, घ्या नं एक खेप, तुमचीच हाये. मी म्हणो, मोठी होऊ दे. मंग ती मोठी झाली, शाळेत गेली, नर्स झाली, इमानात बसून चालली गेली. घ्यायची राहूनच गेली." उशीतलं पाणी संपलं तरी ते पिळतच होते. "आता पोरीनं माहेर मागतलं, रेखाबाई. तिले माय पाह्यजे, अन् माय त आणता येत नाई. म्हटलं, निदान मायचं काम त शिकून घेऊ. तेही जमून नाई राह्यलं. मले पाठवून काय फायदा? मी तिकडं पाहुण्यासारखा खुर्चीवर बसीन, अन् ती ओली बाळंतीण मले चहा करून देईन."

मी सकाळी काय काय बोलले होते ते सगळं मला आठवलं. स्वतःची इतकी चीड मला क्वचितच आली असेल. आणि मला चीड आली की मी गप्प बसत नाही, काहीतरी करते. मी फोन काढला आणि प्रज्ञाला व्हिडिओ कॉल लावला. तिनं उचलला. दमलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. मी फोन फिरवून तिला सगळं दाखवलं, घमेलं, भीमाबाई, उशी, ओल्या पँटीतले तिचे बाबा, आणि तिकीट रद्द करायला का आणलं होतं तेही सांगून टाकलं. कंट्रोलर हातानं नको नको करत होते.

प्रज्ञा आधी खूप हसली. पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, मी नर्स आहो. वार्डातल्या लेकरायच्या आंघोळी माह्याच हातून होतात. तुमाले कोणी सांगतलं हे शिकायले?"

"माय असती त तिनंच केलं असतं नं?" कंट्रोलर म्हणाले.

"माय नाई मागतली म्या. तुमाले बोलावलं." तिचा आवाज बदलला. "इथं दवाखाना हाये, डॉक्टर हाये, सगळं हाये. तुमच्या जावयाची रात्रपाळी असते, मी एकटीच राह्यते. कधी जेवते, कधी तशीच झोपून जाते. तुमी रोज फोन करता, सगळ्या गाड्यायचे टाइम सांगता. माय गेल्यापासून एक दिवस कोणी इचारलं नाई बाबा, पोरी, जेवली काय म्हणून."

भीमाबाईनं पदरानं हात पुसले. कंट्रोलरनी फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ नेला.

"जेवली काय?"

ती मान हलवून नाही म्हणाली.

"नाई? नाई म्हणजे? साडेसात वाजून गेले नं तिकडं?" कंट्रोलर एकदम ओरडले, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ओरडतायत. "पोटात लेकरू हाये अन् उपाशी बसून राह्यली? हे काय चालवलं तुनं? ऊठ! आत्ताच्या आत्ता ऊठ, भाकर टाक. मी बुधवारी येऊन राह्यलो, अन् माह्या समोर हे असं चालणार नाई, सांगून ठेवतो!"

प्रज्ञा डोळे पुसत उठली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा कुठं ठेवला, तवा तापला का, सोबत काय आहे, सगळं कंट्रोलर इकडून ओरडून विचारत होते. भीमाबाईनं त्यांच्या मांडीवरची ओली उशी उचलून दोरीवर टाकली. प्रज्ञा जेवून हात धुऊन येईपर्यंत कंट्रोलरनी फोन काही माझ्या हातात परत दिला नाही.